सीट गेली म्हणजे कमी पडला?

३१ ऑगस्ट २०२५, रविवार. गौरी आवाहनाचा दिवस. घराघरांत तेरड्याची गौर आलेली, माजघरात बायकांची लगबग, आणि रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधल्या पडव्यांत मुंबई-पुण्याहून आलेली पोरं एकेका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेली. आपल्याकडच्या साडेसहाला नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला फॉर्म्युला वनची शर्यत सुरू झाली. आरतीची हाक येईपर्यंत जेवढी बघून होईल तेवढी बघायची.

कोण जिंकणार यावर अशा बैठकीत फार वेळ जात नाही. मॅक्लारेनच्या दोघांपैकी कुणीतरी, नाहीतर व्हर्स्टापेन, एवढ्यावर ते मिटतं. गप्पा रंगतात त्या पुढच्या वर्षी कुणाची सीट जाणार यावर. यादी तोंडपाठ असते. त्सुनोदा जाणार. कोलापिंटोला तर काढायलाच हवा. लॉसन एकदा गेलाच आहे, आणखी एकदा जाईल. प्रत्येक नावापुढे तोच शेरा: ‘कमी पडला’. मग विषय घरच्या माणसांवर येतो. आपला मुंबईचा जेहान दारूवाला? कमी पडला. करुण चंढोक? तोही. नारायण कार्तिकेयन? त्याचं तर नावच काढू नको.

हे मत फक्त पडवीतलं नाही. शर्यती बघणाऱ्या बहुतेकांचं तेच आहे, आणि ते फार ठामपणे मांडलं जातं. घड्याळ खोटं बोलत नाही, असं हे लोक सांगतात. क्रिकेटमध्ये निवड समिती असते, वशिला असतो, राज्याराज्यांचं राजकारण असतं. इथे सेकंदाचा हजारावा भाग मोजला जातो. जो वेगवान तो टिकतो, जो मंद तो घरी जातो. आपल्या लोकांना संधी मिळाली होती, त्यांच्यात दम नव्हता. आणि शेवटी हा बड्या बापांच्या पोरांचा खेळ. त्यांच्या सीटची काळजी रत्नागिरीतल्या माणसाने कशाला करायची?

यातलं एकही म्हणणं टिकत नाही. शेवटचं तर निर्दयही आहे.

घड्याळापासून सुरुवात करू. त्या संध्याकाळी झांडवूर्टला तिसरा कोण आला? इझाक हजार, वीस वर्षांचा फ्रेंच मुलगा. त्याच वर्षी मार्चमध्ये मेलबर्नला फॉर्म्युला वनमधल्या आपल्या पहिल्याच शर्यतीत, दिवे विझण्याआधीच्या फेरीत, ओल्या ट्रॅकवर गाडी घसरून त्याने ती भिंतीवर घातली होती. शर्यत सुरूच झाली नव्हती आणि याची संपली होती. हेल्मेट न काढता तो रडत परत आला. लुइस हॅमिल्टनच्या वडिलांनी, अँथनी हॅमिल्टन यांनी, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रेड बुलचे तेव्हाचे सल्लागार हेल्मुट मार्को यांना मात्र ते रडणं लाजिरवाणं वाटलं, आणि तसं ते बोललेही. त्या दिवशी ‘कोण जाणार’ची यादी करणाऱ्याने हजारचं नाव सगळ्यात वर लिहिलं असतं. डिसेंबरमध्ये रेड बुलने जाहीर केलं की २०२६ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनच्या शेजारची गाडी हजारच चालवणार.

त्याच्यासाठी जागा कुणी सोडली? युकी त्सुनोदाने. त्सुनोदा तिथे कसा आला होता? लियाम लॉसनला दोन शर्यतींनंतर बाजूला केल्यामुळे. दोन! ऑस्ट्रेलिया आणि चीन, बस. दोन रविवारांत एखादा ड्रायव्हर मंद असल्याचं सिद्ध होतं का? सिद्ध झालं असेल, तर रेड बुलच्याच धाकट्या संघात परत पाठवलेला तोच लॉसन सप्टेंबरमध्ये बाकूला पाचवा कसा आला? वर्षअखेरीस काय झालं? डच्चू मिळालेल्या लॉसनची जागा राहिली आणि त्याची जागा घेणाऱ्या त्सुनोदाची गेली. नऊ महिन्यांत तीन माणसं इकडून तिकडे फिरली, आणि दरवेळी बघणाऱ्यांनी तेच म्हटलं: घड्याळ खोटं बोलत नाही.

घड्याळ खोटं बोलत नाही हे खरंच आहे. पण ते ड्रायव्हरचा वेग सांगत नाही. ते गाडी आणि ड्रायव्हर यांचा मिळून एक आकडा सांगतं, आणि त्या आकड्यातला गाडीचा वाटा किती, माणसाचा किती, हे त्यावर छापलेलं नसतं. म्हणून जाणकार एकाच संघातल्या दोघांची तुलना करतात. पण तीही पुरती न्याय्य नसते. सुधारलेले सुटे भाग आधी एकाच्या गाडीला लागतात. गाडीचा स्वभाव वर्षानुवर्षं एकाच्या हाताला जुळवून घडवला जातो. रेड बुलची गाडी व्हर्स्टापेनच्या हाताला जुळलेली आहे. तिचं पुढचं टोक असं चटकन वळतं की मागची चाकं निसटायला बघतात. त्याला ते चालतं, बहुतेकांना नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीतून २०१९ मध्ये बारा शर्यतींनंतर पियेर गॅस्ली गेला. २०२० अखेर अलेक्स अल्बन गेला. २०२४ अखेर सर्जिओ पेरेझ, मग लॉसन, मग त्सुनोदा. फ्रान्स, थायलंड, मेक्सिको, न्यूझीलंड, जपान. पाच देशांतली पाच माणसं एकाच खुर्चीत बसल्यावर मंद झाली, तर आधी माणसं तपासायची की खुर्ची?

आणि ही ‘कमी पडलेली’ माणसं आज कुठे आहेत? गॅस्लीने काढून टाकल्यानंतर साधारण वर्षभराने, सप्टेंबर २०२० मध्ये, धाकट्या अल्फाटौरी संघाच्या गाडीत मोंझाची शर्यत जिंकली. २०२६ च्या हंगामात तो अल्पीनमध्ये आहे. अल्बन विल्यम्समध्ये, लॉसन रेसिंग बुल्समध्ये. पेरेझ आहे नव्या कॅडिलॅक संघात, आणि त्याच्या शेजारी कोण? वाल्तेरी बोटास, ज्याची सॉबरमधली जागा २०२४ अखेर गेली होती. पाचापैकी चार जण ग्रिडवर परत आहेत. निको हुल्केनबर्ग तर २०१९ अखेर रेनॉमधून बाहेर पडला आणि तीन वर्षं कुणाची तब्येत बिघडली तरच गाडीत बसायचा. २०२३ मध्ये हासने त्याला पूर्ण हंगामासाठी परत घेतलं. ६ जुलै २०२५ रोजी सिल्व्हरस्टोनला, एकोणिसाव्या क्रमांकावरून सुरुवात करून तो तिसरा आला. पोडियमवर पहिल्यांदा उभा राहायला त्याला २३९ शर्यती लागल्या. २०१९ मध्ये त्याच्या नावापुढे शेरा मारून वही मिटणारे तेव्हा काय मोजत होते?

कार्लोस साइन्झचं उदाहरण याहून बोलकं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये, हंगाम सुरू होण्याआधीच, फेरारीने जाहीर केलं की पुढच्या वर्षी त्याच्या जागी हॅमिल्टन येणार. साइन्झने त्या हंगामात तोवर एकही शर्यत हरलेली नव्हती, कारण एकही झालीच नव्हती. मार्चमध्ये त्याच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि दोन आठवड्यांनी तो मेलबर्नला जिंकला. जागा गेलेला माणूस, पोटावरचे टाके ताजे असताना, सगळ्यांच्या पुढे. त्याला फेरारीने परत ठेवून घेतलं का? नाही. करार झालेला होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. काही जण खरोखर मंद असतात. लोगन सार्जंटला विल्यम्सने दीड हंगाम दिला, त्यातून एकच गुण निघाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला काढलं तेव्हा रडण्यासारखं फार नव्हतं. पण सार्जंटच्या मापाने सगळ्यांना मोजणाऱ्यांनी फ्रँको कोलापिंटोचंही उत्तर द्यावं. २०२५ मध्ये अल्पीनने जॅक डूहानला सहा शर्यतींनंतर उठवून कोलापिंटोला बसवलं. वर्ष संपलं तेव्हा कोलापिंटोच्या नावावर अल्पीनसाठी एकही गुण नव्हता. तरी त्याची जागा २०२६ साठी पक्की झाली. त्याच्यामागे अर्जेंटिना उभा आहे, मेर्कादो लिब्रेसारखी मोठी कंपनी उभी आहे. यात कोलापिंटोचा दोष नाही. मुलगा गुणी आहे आणि त्याला वेळ मिळायलाच हवा. पण शून्य गुणांचा ड्रायव्हर राहतो आणि गुण मिळवणारा जातो, तेव्हा घड्याळाचं नाव कुणी घेऊ नये.

फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये, तर जिंकणंच अंगाशी येतं. तिथे हंगामाचं विजेतेपद मिळवणाऱ्याला पुन्हा त्या मालिकेत उतरता येत नाही, असा नियम आहे. २०२२ चा विजेता फेलिपे द्रुगोविच, २०२३ चा तेओ पूरशेर. दोघांनाही फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही, आणि जिंकल्यामुळे खालची जागाही गेली. हेही कमी पडले म्हणायचं?

रत्नागिरीत हापूसचा धंदा करणाऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागू नये. वाशीच्या मार्केटला हंगामाची पहिली पेटी जाते तेव्हा जो भाव मिळतो, तो आंब्याच्या गोडीचा नसतो. तो त्या दिवसाचा असतो, बाजारात दुसरी पेटी नसण्याचा असतो. मे अखेर त्याच कलमाचा तितकाच गोड आंबा मातीमोल जातो. म्हणून बागायतदार कलमाला दोष देत नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र हाच माणूस भाव बघून गोडी ठरवतो.

आता घरच्या माणसांकडे. ‘संधी मिळाली होती, दम नव्हता’ हे वाक्य बोलायला फार सोपं आहे. कसली संधी, ते बघू.

कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. इंडियानापोलिसला तो चौथा आला. त्या दिवशी टायरच्या वादामुळे सहाच गाड्या धावल्या, हे लगेच सांगितलं जातं. बरोबर आहे, सहाच धावल्या. पण २०११ बद्दल कुणी बोलत नाही. त्या वर्षी तो हिस्पानिया संघात होता. त्या संघाच्या दोन्ही गाड्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीत, मेलबर्नला, किमान वेगाची अटसुद्धा पार करू शकल्या नव्हत्या आणि शर्यतीलाच मुकल्या होत्या. आठ शर्यतींनंतर कार्तिकेयनला उठवून त्याच्या जागी रेड बुलचा एक तरुण बसवण्यात आला, शिकाऊ म्हणून. त्याचं नाव डॅनियल रिकार्डो. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारताची पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा कार्तिकेयनला एका शर्यतीपुरतं परत गाडीत बसवलं. निकाल काय लागला? कार्तिकेयन सतरावा, रिकार्डो अठरावा. एकच संघ, एकच गाडी, एकच दिवस. रिकार्डोने पुढे आठ ग्रां प्री जिंकल्या. कार्तिकेयनला पुढच्या वर्षी पुन्हा तीच रखडत धावणारी गाडी मिळाली आणि २०१२ अखेर तो संघच बंद पडला. आणि रिकार्डोचीही जागा सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरनंतर गेलीच. लॉसनला जागा करून देण्यासाठी.

चंढोकची गोष्ट ऐकून तर वाईट वाटतं. २०१० मध्ये बहरीनला त्याची गाडी सरावाच्या सत्रांत पूर्ण जोडलेलीच नव्हती. तंत्रज्ञ रात्रंदिवस खपत होते. चंढोकने त्या गाडीत पहिली फेरी मारली ती थेट क्वालिफाइंगमध्ये. आयुष्यातली पहिली ग्रां प्री, आणि गाडीला आधी हातही लावलेला नाही! दहा शर्यतींनंतर त्याच्या जागी दुसरा आला. याला संधी म्हणायचं? रत्नागिरीत एखाद्याला अनोळखी ट्रक देऊन पहिल्याच दिवशी आंबा घाट उतरायला सांगा, आणि तो हळू उतरला म्हणून त्याचं लायसन काढून घ्या. कोण मान्य करेल?

दारूवालाकडे मात्र थांबायलाच हवं, कारण तो मुंबईचा आहे, महाराष्ट्रातला आहे आणि त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त अन्यायाने बोललं जातं. त्याची गोष्ट सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकच्या फाटकासमोरच्या एका कारखान्यापासून सुरू होते. २००५ मध्ये तो जॉर्डनचा होता आणि तिथल्या गाडीत कार्तिकेयन बसत असे. मालक बदलत गेले, पाट्या बदलत गेल्या, आणि २००८ च्या हंगामापासून विजय मल्ल्यांनी त्याच कारखान्यावर ‘फोर्स इंडिया’ ही पाटी लावली. गाडीवर तिरंगा आला. अकरा हंगाम ती पाटी राहिली. त्या गाडीत शर्यतीला किती भारतीय बसले? एकही नाही. पण २०११ मध्ये त्या संघाने देशभर कार्टिंग करणाऱ्या मुलांची परीक्षा घेतली आणि तिघांना निवडलं. त्यांतला एक होता बारा-तेरा वर्षांचा जेहान.

२०१९ मध्ये जेहान फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला. युकी त्सुनोदा त्या वर्षी नववा होता. २०२० मध्ये दोघं रेड बुलची मुलं म्हणून फॉर्म्युला टूमध्ये कार्लिन संघात शेजारी बसले. त्या वर्षी त्सुनोदा सरस ठरला, हे खरं. तो तिसरा आला, जेहान बराच मागे राहिला. त्सुनोदाच्या मागे होंडा होती, म्हणजे तेव्हा रेड बुलला इंजिन पुरवणारी कंपनी. जेहानच्या मागे कोणती भारतीय इंजिन कंपनी होती?

६ डिसेंबर २०२० हा दिवस लक्षात ठेवावा असा आहे. बहरीनमधला साखिरचा ट्रॅक. आधी जेहानने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, ती जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याच ट्रॅकवर, त्याच दिवशी रात्री, फॉर्म्युला वनची शर्यत सर्जिओ पेरेझने जिंकली. पेरेझचा संघ कोणता? रेसिंग पॉइंट. म्हणजे सिल्व्हरस्टोनचा तोच कारखाना, पूर्वीची फोर्स इंडिया. २०१८ मध्ये ती कंपनी बुडत असताना ती जिवंत राहावी म्हणून न्यायालयात गेलेला माणूसही पेरेझच, आणि त्यामुळे चारशेच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. त्या पेरेझला सप्टेंबरमध्येच कळवलेलं होतं की तुझ्या जागी सेबास्टियन व्हेटेल येणार. म्हणजे साखिरला विजेत्याच्या पायरीवर उभा असलेला माणूस त्या संघातून काढलेला होता. दुसरी सीट संघमालक लॉरेन्स स्ट्रोल यांच्या मुलाची होती, आणि ती आजही त्याचीच आहे. घड्याळाने त्या रात्री काय ठरवलं, ते ‘कमी पडला’ म्हणणाऱ्यांनी सांगावं.

असाच दुसरा रविवार ११ सप्टेंबर २०२२ चा, मोंझातला. सकाळी जेहानने फॉर्म्युला टूची मुख्य शर्यत जिंकली. दुपारी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत अल्बनला अपेंडिक्सचा त्रास झाल्यामुळे विल्यम्सने निक डी व्रीसला ऐनवेळी बसवलं. तो नववा आला, दोन गुण मिळाले. त्या एका दुपारच्या बळावर डी व्रीसला अल्फाटौरीत पुढच्या वर्षाची जागा मिळाली. तो फॉर्म्युला टू आणि विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई, दोन्हींचा विजेता होता, त्याच्या लायकीबद्दल वाद नाही. पण दहा शर्यतींनंतर, जुलै २०२३ मध्ये, त्यालाही उठवलं. मग तो कुठे गेला? फॉर्म्युला ईमध्ये, महिंद्राच्या गाडीत. मुंबईच्या महिंद्राच्या. आणि २०२३ मध्ये त्याच महिंद्रा संघाचा राखीव ड्रायव्हर कोण होता? जेहान दारूवाला. महिंद्राने २०१४ मध्ये पहिल्या हंगामात चंढोकला बसवलं होतं. त्यानंतर त्यांच्या गाडीत शर्यतीला एकही भारतीय बसलेला नाही. डी व्रीस तिथे हवाच होता असं महिंद्रा म्हणेल, आणि संघ म्हणून त्यांचं बरोबरही असेल. मग भारतीय ड्रायव्हरला भारतीय संघातसुद्धा जागा नसताना तो ‘कमी पडला’ हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

या ठिकाणी नेहमी एक प्रश्न येतो: पण उत्तम खेळाडूला कुणी थांबवू शकतं का? महाराष्ट्रात तरी हा प्रश्न विचारू नये. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा कायम केला. मधली साडेसात वर्षं कासरा धरणारे हात रिकामे होते. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर मतं वेगळी असू शकतात, पण त्या साडेसात वर्षांत गाडा हाकणाऱ्याला ‘तू मंद झालास’ असं एकाही गावात कुणी म्हटलं का? मैदानच नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. मोटारीच्या शर्यतीतल्या भारतीय ड्रायव्हरलाही मैदान नाही. बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच ग्रां प्री झाल्या, मग करांच्या आणि पैशांच्या भांडणात ती गेली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोइम्बतूरला करी स्पीडवे, आणि बुद्ध. एवढ्या मोठ्या देशात मोठे कायमचे ट्रॅक मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतात. महाराष्ट्रात त्या तोडीचा एकही नाही.

यावरूनच शेवटच्या मुद्द्याकडे यावं लागतं: बड्यांचा खेळ आहे, आपल्याला काय? हो, जेहान उद्योजकाच्या घरातला आहे. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाला कोट्यवधी रुपये लागतात आणि ते त्याला मिळू शकले. पण हे सांगून लोक ज्याची टिंगल करतात, तेच त्यांच्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. पैसा होता, रेड बुलचं नाव होतं, २०२२ मध्ये मॅक्लारेनच्या जुन्या गाडीत चाचणीही झाली, फॉर्म्युला टूत शर्यती जिंकून झाल्या, आणि तरी जागा नाही. मग ज्याच्याकडे हे काहीच नाही त्याचं काय? आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलं की तिथे मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. त्याच शहरातला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला होता. म्हणजे रत्नागिरीहून तीन-चार तासांवर ही शिडीची पहिली पायरी आहे. मिरकरवाड्यात बोटीचं इंजिन कानाने ओळखणारी मुलं आहेत, एमआयडीसीत गिअरबॉक्स उघडून जोडणारी मुलं आहेत. त्यांतला एखादा त्या पायरीवर पाय ठेवायला निघाला, तर घरचे त्याला काय सांगतील? ‘जेहानचं काय झालं माहीत आहे ना?’ ‘कमी पडला’ हा शेरा जेहानला लागत नाही. तो मुंबईत त्याच्या घरी सुखी असेल. तो या मुलाला लागतो. त्याची वाट सुरू होण्याआधीच बंद करतो. ‘आपल्याला काय?’ म्हणणाऱ्याने निदान हे बघावं की त्याच्या शेऱ्याची किंमत कोण भरतो.

बेंगळुरूच्या कुश मैनीने २०२४ मध्ये हंगेरीत आणि २०२५ मध्ये मोनॅकोत फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकल्या. अल्पीनने त्याला राखीव ड्रायव्हरांत घेतलं. उद्या त्याचीही जागा कुठल्यातरी करारापायी गेली, तर हीच मंडळी तोच शेरा घेऊन तयार असतील.

आणि जेहानची जागा शेवटी कशी गेली, तेही सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मासेराती संघाने त्याला फॉर्म्युला ईसाठी घेतलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला ईची शर्यत झाली होती, भारतातली पहिली. पुढची ठरली होती १० फेब्रुवारी २०२४ ला. तिथे जेहान घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर धावणार होता. भारतीय प्रायोजक त्या एका दिवशी ट्रॅकवर येणार होते, भारतीय वर्तमानपत्रं येणार होती. डिसेंबरमध्ये तेलंगणात सरकार बदललं, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म्युला ईने जाहीर केलं की नव्या सरकारने करार मोडल्यामुळे शर्यत रद्द. त्या घोषणेनंतर आठवड्याभराने, १३ जानेवारीला, जेहानने मेक्सिकोत पदार्पण केलं. त्याचा हंगाम सुरू होण्याआधीच त्याचं घर वेळापत्रकातून पुसलं गेलं होतं.

हंगाम कठीण गेला. पण त्याच संघासाठी ३० मार्चला टोकियोची शर्यत जिंकलेला मॅक्स गुंथरही पुढच्या वर्षी त्या संघात नव्हता. संघाने दोन्ही जागा बदलल्या, स्टॉफेल वॅन्डोर्न आणि जेक ह्यूज आले. वर्षभराने मासेराती हे नावही गेलं, आता त्या गाड्यांवर सित्रोएन लिहिलेलं असतं. शर्यत जिंकलेला राहिला नाही, न जिंकलेला राहिला नाही, खुद्द गाडीचं नाव राहिलं नाही. एवढ्या सगळ्यातून एकच माणूस वेचून काढायचा आणि त्याच्या कपाळावर ‘कमी पडला’ लिहायचं, हे शर्यतीचं ज्ञान नाही. येत्या गणपतीत पुन्हा पडवीत यादी होईल, तेव्हा जेहानचं नाव घेणाऱ्याला एवढंच विचारावं: १० फेब्रुवारी २०२४ ला हुसेनसागरच्या काठावर तो कितव्या फेरीत मागे पडला होता?